ठिकाण लागत नाही

आमचे ढोले सर कशावरही चटकन विश्वास ठेवत नसत. स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, दूध नासलं, तरी ओसरीवरून सरांचा आवाज यायचा, "कशावरून?" बाई बिचाऱ्या पातेलं उचलून दाखवायला आणायच्या. चांगल्या माणसाशी संसार करणं किती अवघड असतं, हे मी त्या घरात पाहिलं.

प्राध्यापक पंजाबराव ढोले यवतमाळच्या कॉलेजात इतिहास शिकवत. लढायांचा इतिहास आणि जुन्या दरबारांमधल्या वकिलातींचा, म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वकिलांच्या पत्रव्यवहाराचा इतिहास, हा त्यांचा विषय. विद्यापीठाने त्यांना पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली तेव्हा त्यांच्याकडे आम्ही दोघंच आलो. एक मी, कमरुन्निसा, उर्दू शाळेतली मास्तरीण, दोन मुलांची आई. माझा नवरा अय्यूब एसटी स्टँडासमोर मोटारी दुरुस्त करायचा आणि माझं फारसी कशाच्या कामाला येणार, असं सगळ्या नातेवाइकांसारखं त्यालाही वाटायचं, फक्त तो बोलायचा नाही. दुसरा उकंडा मुनेश्वर.

उकंडा मारेगावच्या पुढच्या एका खेड्यातला. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने हा जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवला आणि तिथून उचलून घरात आणला, म्हणून नाव उकंडा. छप्पन साली त्याचं घर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलं, घरातले देव त्यांनी नाल्यात सोडले. आता नावही बदल म्हणून गावातली पोरं मागे लागली, तर हा म्हणाला, "राहू द्या. ह्याच नावानं जगलो मी." त्याच्या पाठीवर धावजी झाला. तो मात्र साध्या नावानं जगला, राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला आणि पुढे फौजेत भरती झाला.

दर रविवारी आम्ही सरांच्या ओसरीवर बसायचो. आठवडाभरात लिहिलेलं पान आपणच मोठ्याने वाचायचं. सर डोळे मिटून ऐकत, आणि वाक्य संपलं की म्हणत, "कशावरून?" मग मूळ पत्राची नक्कल काढून त्या ओळीवर बोट ठेवायचं. "बोट ठेवा," हा त्यांचा दुसरा शब्द. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, की सरांची लाल पेन्सिल वाक्यावरून फिरायची. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, पण सर रागावायचे मराठीत, त्यामुळे समासातले लाल शेरे सगळे मराठीत असत. माझ्या एका पानावर त्यांनी लिहिलं होतं, "ही कादंबरी चांगली आहे, इतिहास आणा." मी चार दिवस कुणाशी धड बोलले नाही.

उकंडाचा विषय पेशवाईच्या अखेरीचा. अठराशे अठराच्या चैत्रात पांढरकवड्याजवळ पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांनी दाणादाण उडवली, ते सगळं रान उकंडाच्या पायाखालचं. त्याला एका वकिलाचं बातमीपत्र मिळालं होतं. त्यात पथकांचे आकडे होते आणि त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, "लोक फार ठार जाहले. कित्येकांचे ठिकाण लागत नाही." उकंडाने दोन्ही वाक्यं एकत्र करून लिहिलं, फौजेतली एवढी एवढी माणसं मेली.

सरांनी डोळे उघडले. "ठिकाण लागत नाही म्हणजे मेले? कशावरून?"

"सर, आता त्याले दीडशे वर्षं होत आली. मेलेच नं."

"आज मेले असतील. त्या दिवशी मेले कशावरून? पळाले असतील. कैदेत असतील. नाव बदलून कुठं पराटी पेरत बसले असतील." सर इतके चिडले की बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पान ओढून घेतलं आणि समासात मोठ्या अक्षरात लिहिलं, "ठिकाण लागत नाही म्हणजे मेला नव्हे. पुराव्यावाचून माणूस मारू नये."

उकंडा हसला. मीही हसले, कारण या वेळी बोलणी मला नव्हती. बासष्ट सालची गोष्ट आहे, दसऱ्याच्या सुट्टीतली.

दिवाळीच्या आत चीनची लढाई सुरू झाली. धावजीची तुकडी तिकडेच होती, नेफात, आसामच्या वरच्या डोंगरांत. महिनाभर रेडिओवर ऐकू आलं ते ऐकून घेतलं. मग एक दिवस उकंडाच्या गावी फौजेचा कागद आला. गावात इंग्रजी वाचणारा कुणी नाही, म्हणून कागद तसाच ठेवून उकंडाला निरोप पाठवला. तो गेला, आणि पुढच्या रविवारी ओसरीवर येऊन बसला तेव्हा त्याने पिशवी उघडलीच नाही.

"मायनं इचारलं, काय लिवलं हाय," तो म्हणाला. "मी म्हटलं, बेपत्ता. माय म्हणे, बेपत्ता म्हंजे काय? मी म्हटलं, ठिकाण लागत नाही. ते म्हणे, म्हंजे मेला का?"

त्याने पिशवीवर हात ठेवला.

"मंग मले काही सुचलं नाही सर. तुमचं पान पिशवीतच होतं. तेच वाचून दाखवलं तिले."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "बरोबर वाचलंस," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचं दुसरं काही म्हणणं नव्हतं, आणि आम्हाला तेव्हा त्यात आधारच वाटला. मला तर सरांबद्दल मायाच वाटली. कोरडे कोरडे म्हणत होते सगळे त्यांना, पण त्यांच्या कोरडेपणावर एक माउली टेकून उभी होती.

पुढच्या उन्हाळ्यात चीनने कैदी सोडले. राळेगावकडचा लखीराम राठोड धावजीच्याच तुकडीतला, तोही सुटून घरी आला. उकंडा सायकलने त्याला भेटायला गेला. लखीरामची पायाची बोटं बर्फाने गेली होती. त्याने सांगितलं, "बर्फात पडला धावजी. मी आवाज देल्ला, देल्ला, बोलला नाही. मंग आमाले खाली हाकलत नेलं." एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि एवढं सांगून तो तोंडावर हात ठेवून रडला.

उकंडाने घरी येऊन ते आईला सांगितलं. तिचं नाव धनीबाई. ती म्हणाली, "बोलला नाही म्हंजे बेसुद असन. गुरुजीनं काय लिवलं हाय?"

इथून खरा त्रास सुरू झाला. धावजीची बायको कोकिळा अजून विशीची व्हायची होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तो नोकरीवर परत गेला, मूलबाळ नाही. तिचा बाप तिला न्यायला आला. त्यांच्यात बाईने दुसरं घर करणं काही जगावेगळं नाही, आणि बापाच्या मनात एक चांगला माणूसही होता. धनीबाईने त्याला दारातच सांगितलं, "तिचा नवरा जिता हाय. गुरुजीनं लेखी देल्लं हाय." पोरगी मधे उभी. सासूला सोडून जाववत नव्हतं तिला, आणि राहून करायचं काय तेही समजत नव्हतं. सासू रोज धावजीसाठी एक भाकर जास्तीची टाकायची आणि सकाळी ती शिळी भाकर कोकिळाच खायची.

उकंडाचं लिहिणं थांबलं. रविवारी यायचा, मांडी घालून बसायचा, माझं वाचन ऐकायचा आणि जायचा. एकदा न राहवून म्हणाला, "सर, तुमी येऊन सांगा मायले. ते दुसऱ्या कोनाचं ऐकत नाही. आमच्या कोकिळेची जिनगानी जाऊन राह्यली."

"बघू," सर म्हणाले. आणि बघू बघू म्हणत पावसाळा काढला त्यांनी.

शेवटी मीच भांडले. बाईंच्या देखत भांडले. म्हटलं, "सर, तुमच्या शेऱ्यापायी एक पोर अडकून पडली आहे."

"मी खोटं लिहिलं नाही, कमरुन्निसा."

"खोटं कोण म्हणतंय? परत घ्या, एवढंच म्हणते."

"खरं वाक्य परत कसं घ्यायचं?" सरांनी विचारलं. ते वाद घालत नव्हते, खरंच विचारत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी काही चूक केली असती तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त करता येते.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. सर, उकंडा आणि मी. सर म्हणाले, घरात दोन बाया आहेत, एक बाई सोबत असू द्या. अय्यूबने पुढची सीट धरून दिली. एसटी सुटता सुटता तो खिडकीपाशी येऊन मला हळूच म्हणाला, "मय्यत बरी. वाट पाहणं वाईट." खिडकीतून सगळीकडे कापसाने पांढरी झालेली पराटी आणि तिच्यात वाकलेल्या बाया दिसत होत्या. करंजीला गाडी थांबली तेव्हा सर उकंडाला म्हणाले, "तुझ्या आईला मी काय म्हणू?"

"माय म्हना, आई म्हना, काहीबी चालते."

सरांना ते विचारायचं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली.

मारेगावला उतरून पुढे पायी गेलो. घर लहान, पुढचं अंगण ताज्या शेणाने सारवलेलं. धनीबाई बारीक चणीची, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेली. मला वाटलं होतं तसा तिचा चेहरा दुःखी नव्हता, आणि तेच पाहवेना. पाहुणे आले म्हणून ती खरोखर खूश झाली होती. "या गुरुजी. या बाई. कोकिळा वेचणीले गेली, येईनच आता," म्हणत तिने सतरंजी टाकली, पाणी दिलं, चूल पेटवून चहा टाकला. सरांनी चहा बशीत ओतून प्यायला आणि कप खाली ठेवून पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. धनीबाईने तिच्या मागून एक घडी काढली. ते उकंडाच्या प्रबंधाचं पान होतं, धुराने पिवळं पडलेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने पान सरांच्या पुढ्यात जमिनीवर पसरलं आणि समासातल्या लाल ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमचंच नं?"

"हो, माझंच."

"मंग," ती म्हणाली, आणि बोट तिथून हललं नाही.

"आई, हे जुन्या लढाईचं आहे," सर म्हणाले. "ती माणसं वेगळी. कधीची."

"त्या लढाईतले लोकं मंग घरी आले का?"

"माहीत नाही."

"कोनी पाह्यलं नाही?"

"कुणी लिहून ठेवलं नाही."

"म्हंजे आलेबी असन."

मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, एवढं नाही म्हणा. "आलेही असतील," सर म्हणाले.

उकंडा उठून बाहेर गेला. इतका लांबचा प्रवास करून हा माणूस तिथेही खरंच बोलत होता. सरांच्या वयाचा विचार करून मी गप्प बसले, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं असतं, अल्लाला ठाऊक.

तेवढ्यात कोकिळा आली. वेचलेल्या कापसाचं गाठोडं मालकाकडे टाकून आली असावी, कारण हात रिकामे होते, पण केसांत आणि पदराला कापूस चिकटलेला. आम्हाला पाहून दारातच उभी राहिली. शहरातून माणसं आलीत म्हणजे काहीतरी ठरणार, हे तिला कळलं होतं. तिने सरांकडे पाहिलं, मग त्या कागदाकडे. पंधरा वर्षांची वाटावी इतकी ती लहान दिसत होती, आणि आजारातून उठल्यासारखी थकलेली.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग धनीबाईकडे वळून म्हणाले, "आई, धावजी गेला."

"कशावरून?" धनीबाईने विचारलं.

हा काही सरांचाच शब्द नव्हे, सगळा वऱ्हाड तो बोलतो. पण मी इतकी वर्षं तो सरांच्याच तोंडून ऐकला होता. सरांचा उजवा हात पुढे झाला. बोट ठेवायची सवय त्या हाताला आमच्याइतकीच होती. जमिनीवर तो एकच कागद होता आणि त्यात उलटं लिहिलेलं होतं. हात तसाच मागे आला.

"मी सांगतो म्हणून," सर म्हणाले.

"तुमी सांगता?"

"हो. मी सांगतो."

मग तिने लाल ओळीवरचं बोट काढलं. कागदाची जुन्याच घडीवर घडी घातली आणि सरांच्या हातात दिली. "मंग हे घेऊन जा गुरुजी," ती म्हणाली. "घरात नोको." आणि कोकिळेला जवळ बोलावून तिच्या केसांतला कापूस एकेक करून काढायला लागली. काढता काढता तिचे हात थांबले, आणि मग त्या घरात वर्षभर अडून राहिलेलं रडणं सुरू झालं. मी दोघींना धरून बसले. मीही रडले, माझं कुणी गेलं नव्हतं तरी.

परतीच्या एसटीत सरांनी ती घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. करंजीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी त्या खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "ती उद्या विचारेल, तर मी बोट कशावर ठेवू?"

ती विचारणार नव्हती हे मला माहीत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

कोकिळेचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. धनीबाईने स्वतः उभं राहून तिला पाठवलं, आपल्या अंगावरचं चांगलं लुगडं तिला नेसवून. उकंडा पुन्हा लिहायला लागला. ओसरीवरचा रविवार पुन्हा सुरू झाला, पण सर बदलले होते. वाक्य संपलं की ते तोंड उघडत आणि मिटत. कधी कधी आम्हीच न विचारता ओळीवर बोट ठेवायचो आणि ते नुसतं "हं" म्हणायचे. बाई मला एकदा म्हणाल्या, "दूध नासलं म्हटलं की नुसतं बरं म्हणतात गं. मला करमत नाही." सर त्या एका वाक्याने खचले होते. लोक खोटं बोलून खचत नाहीत, रोज बोलतात. पण आमच्या सरांना सवय नव्हती.

उकंडाची तोंडी परीक्षा सहासष्ट साली झाली. सरांना तेव्हा नागपूरचा प्रवास झेपत नव्हता, म्हणून विद्यापीठाने यवतमाळलाच घ्यायला परवानगी दिली. पुण्याकडचे एक मोठे परीक्षक आले. कॉलेजातले लोक ऐकायला बसले होते, मी मागे खिडकीपाशी. आत जाण्याआधी मी उकंडाला विचारलं, "माय कशी आहे?"

"बरी हाय," तो म्हणाला. "सडकेवर एसटी थांबल्याचा आवाज आला का दारात येते. मंग आत जाते. मी काही बोलत नाही."

परीक्षकांनी खूप प्रश्न विचारले आणि उकंडाने इंग्रजीतून सगळ्यांची उत्तरं दिली. मग परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं. म्हणाले, या तक्त्यात तुम्ही ठार झालेल्यांचा रकाना वेगळा केलाय आणि ज्यांचं ठिकाण लागत नाही त्यांचा वेगळा. दीडशे वर्षं झाली. आजवर सगळ्यांनी हे आकडे एकत्र धरलेत. दोन रकाने कशासाठी?

उत्तर सोपं होतं. मूळ पत्रात दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. नक्कल त्याच्या समोर होती, ओळही ठाऊक होती. उकंडाने कागदाकडे पाहिलं नाही. इंग्रजी सोडून तो म्हणाला, "सर, त्याहीच्या घरी कोनी वाट पाहत असन."

परीक्षक किंचित हसून सरांकडे वळले. आता सर विचारणार, म्हणून मी खाली मान घातली. त्यांचा श्वास मला मागच्या खिडकीपर्यंत ऐकू येत होता.

सरांनी हातातली लाल पेन्सिल टेबलावर ठेवली. "पुढचा प्रश्न विचारा," ते म्हणाले.